वाऱ्याला परतीची वाट

आमचे बिऱ्हाड 1992 साली गिरगावातल्या चाळीतून वाशीला आले. त्याच वर्षी मानखुर्दहून खाडी ओलांडून आगगाडी वाशीपर्यंत धावू लागली होती. दोन खोल्यांतून उठून मोठ्या ब्लॉकात आलेल्या माणसाला जो अभिमान वाटायचा, तो आम्हालाही वाटला. "हवा काय सुरेख आहे हो आमच्याकडे!" असे आम्ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत असू, आणि पाहुणे जिना उतरतात न उतरतात तोच ती हवा बंद करण्याच्या उद्योगाला लागत असू.

आधी दारांवरच्या झडपा गेल्या. धूळ येते म्हणून त्यांवर चक्क प्लायवूड ठोकले. मग चार घरांनी केले म्हणून आम्हीही गॅलरी काचा लावून बंद केली. त्या काचा सरकत्या; एक उघडली की ती दुसरीच्या पाठीमागे जाऊन उभी राहते. म्हणजे खिडकीचे पैसे पूर्ण आणि वारा निम्मा! शेवटी माझी नजर न्हाणीघराकडे वळली. तेथे छतालगत काचेच्या आडव्या पट्ट्यांची लहानशी खिडकी होती. तीतून डास येत. एका रविवारी मी तिच्यावर ॲक्रिलिकचा पत्रा स्क्रूने घट्ट बसवला. इतके नेटके काम माझ्या हातून पूर्वी कधी झाले नव्हते. सौ.नेही कौतुक केले.

पुढे विजेचे बिल वाढले म्हणून न्हाणीघरात गॅसवर चालणारा गीझर आला. 2011 च्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी सौ. आंघोळीला गेली. पाणी वाहत होते, पण बादली सरकल्याचा, तांब्या वाजल्याचा आवाज येईना. हाका मारल्या, दार ठोठावले. अखेर शेजारच्या तरुणाने खांद्याचा धक्का देऊन कडी उखडली. ती भिंतीला टेकून बेशुद्ध पडली होती. मोकळ्या हवेत आणल्यावर, आणि नंतर रुग्णालयात प्राणवायू दिल्यावर, तिने डोळे उघडले. आणखी पाच-दहा मिनिटे गेली असती तर काय, हे वाक्य आमच्या घरात अद्याप कोणी पुरे केलेले नाही.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "न्हाणीघराला झरोका आहे का?" मी मान खाली घातली.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. कोंडलेल्या खोलीत गॅस जळू लागला की तेथला प्राणवायू संपत जातो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. घरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि कडी काढण्याचे भान राहत नाही. म्हणून हा गीझर न्हाणीघरात बसवूच नये. तो बाहेर, उघड्या जागेत हवा. आमचा त्याच आठवड्यात बाहेर गेला आणि माझा सुबक पत्राही निघाला.

तेव्हापासून मला वाऱ्याचे वेड लागले. गंमत अशी की, ज्या शहरात मी झरोके बुजवत बसलो होतो, त्याचे मुख्य वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया (ते 1970 च्या दशकात सिडकोत होते) यांनी त्यापूर्वीच अहमदाबादेत एक घर झरोक्याभोवतीच रचले होते. जेमतेम बारा फूट रुंदीचे, लांबट. तापलेली हवा हलकी होऊन तिरक्या छताला धरून वर सरके आणि माथ्यावरच्या फटीतून निघून जाई. तिची जागा घ्यायला दाराशेजारच्या पट्ट्यांतून ताजी हवा आत येई. पंख्यावाचून! ते घर 1995 मध्ये पाडले गेले. कोरियांचीच बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज वसाहत मात्र आपल्याला पाहता येते. अंगणाभोवती घरे आणि वर आकाश.

कळीचा मुद्दा एवढाच की, वाऱ्याला यायला वाट असून भागत नाही, जायलाही हवी. आणि ती शक्यतो समोरच्या भिंतीत, उंचावर. एकाच बाजूला भली मोठी खिडकी असून खोली कोंदट का, याचे उत्तर हेच. पडताळून पाहायचे तर उदबत्ती लावा. धूर एका दिशेने ओढला गेला तर ठीक. जागच्या जागी घुटमळला तर कुठेतरी वाट बुजली आहे.

माझा भाचा इंग्लंडात असतो. तेथे 2022 पासून जुनी खिडकी बदलतानाही चौकटीत वर एक बारीक फट ठेवावी लागते, असे त्याने कळवले. मी तशी फट तुर्भ्याच्या एका खिडकीवाल्याकडे मागितली. तो हसला. "काका, थंडीचा देश आहे तो. तेवढ्या फटीत तुमचा घाम वाळेल का?" त्याचे बरोबर होते. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दमट, उष्ण मुलखात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश तरी उघडी जागा हवी. दीडशे चौरस फुटांच्या खोलीला पंचवीस चौरस फूट. सरकती काच निम्मीच उघडते, हे येथे विसरू नये.

हे नुसते सुखाचे गणितही नाही. वाशीच्या खाडीपलीकडे, गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारती इतक्या जवळजवळ उभ्या आहेत की, खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या 2018 च्या पाहणीत तेथील क्षयरोगाचा संबंध कमी उजेड आणि कोंडलेल्या हवेशी आढळला. तिथल्या बिऱ्हाडांनी हौसेने झरोके बुजवलेले नाहीत. त्यांना ते मिळालेच नाहीत.

आमच्याकडे आता दारांवरच्या झडपा पुन्हा उघड्या आहेत. डासांसाठी बारीक स्टीलची जाळी लावली आहे. जाळीने वारा थोडा अडतो खरा, म्हणून ती धुवावी लागते. स्वयंपाकघरातला पंखा धूर ओढू लागला की दाराखालची फट मोकळी आहे ना, हे मी पाहतो, कारण बाहेरून हवा आली नाही तर पंखा नुसता घरघरतो.

यंदाही दिवाळीच्या साफसफाईत न्हाणीघराची जाळी काढली. तिच्यावर काळ्या धुळीचा चांगला जाड थर होता. मी स्टुलावर, आणि स्टूल धरून सौ. खाली.

"अहो, नीट बसवा," ती म्हणाली, "पण फार घट्ट नको."