समाक्ष ध्वनिक्षेपक व विभाजन कंप्रता

समाक्ष ध्वनिक्षेपक : नीच (खर्जाचे) व उच्च (तार) स्वर निर्माण करणारे दोन घटक एकाच अक्षावर, एकाच्या पोटात दुसरा अशा रीतीने बसविलेला ध्वनिक्षेपक. मोठ्या घटकास व्यवहारात वूफर आणि लहान घटकास ट्वीटर म्हणतात. विवर्धकाकडून येणाऱ्या विद्युत् संदेशाचे या दोहोंत वाटप ज्या कंप्रतेस (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येस) होते, तिला विभाजन कंप्रता म्हणतात. हौशी लोकांत ‘क्रॉसओव्हर’ हाच शब्द रूढ आहे. घरी ध्वनिक्षेपक संच बांधणाऱ्यास घटकाची निवड व विभाजन कंप्रता हे दोन स्वतंत्र प्रश्न वाटतात. समाक्ष घटकाच्या बाबतीत मात्र ते एकाच प्रश्नाचे दोन भाग होत; कारण वूफरच्या शंकूचा व्यास व कोन ठरला की, विभाजन कंप्रतेची मर्यादाही बव्हंशी ठरून जाते.

विभाजनाची आवश्यकता : मानवी कानास सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ या मर्यादेतील ध्वनी ऐकू येतात. हवेतील ध्वनीचा वेग २०° से. तापमानास सेकंदाला सु. ३४३ मी. असल्याने या ध्वनींची तरंगलांबी सु. १७ मी. पासून १·७ सेंमी. पर्यंत असते. खर्जाच्या स्वरांसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते व त्यासाठी मोठा पडदा लागतो. उलट, ध्वनीची तरंगलांबी पडद्याच्या व्यासाच्या जवळपास आली की, ध्वनी सर्वत्र न पसरता शलाकेप्रमाणे समोरच एकवटू लागतो. म्हणून उच्च स्वरांसाठी लहान व हलका पडदा योजतात. बहुतेक दुमार्गी संचांत विभाजन १,००० ते ४,००० हर्ट्‌झ या टापूत पडते. भाषणातील व्यंजनांची स्पष्टता आणि वाद्यांचा नाद ओळखण्यास उपयोगी पडणारे बरेच उपस्वर याच टापूत असून त्याच्या वरच्या भागात कान अत्यंत संवेदनशील असतो. तेथील दोष म्हणूनच सहज जाणवतो.

नेहमीच्या संचात ट्वीटर हा वूफरच्या वर बसवितात. दोहोंच्या केंद्रांमधील अंतर १७ सेंमी. व विभाजन कंप्रता २,००० हर्ट्‌झ (तरंगलांबी सु. १७ सेंमी.) असल्यास अक्षापासून ३०° वर किंवा खाली दोन घटकांपासूनच्या मार्गांत ८·५ सेंमी. म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो. दोन्ही घटक समोरच्या दिशेत समकलेत (एकाच वेळी एकाच अवस्थेत) कंप पावत असले, तरी या दिशांत त्यांचे ध्वनी परस्परांना नष्ट करतात. एक मीटरवर बसलेल्या श्रोत्याचा कान ५८ सेंमी. वर गेला, तरी तो या पोकळीत सापडतो. छत व जमीन यांवरून परावर्तित होऊन येणाऱ्या ध्वनीतही हीच उणीव राहते. समाक्ष रचनेत दोन्ही उगम एकाच अक्षावर असल्याने आडव्या व उभ्या प्रतलांत विसरण सारखे राहते. हा तिचा मुख्य लाभ होय.

विकास : चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये अमेरिकेत चल वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे वर्णन प्रसिद्ध केले, आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक त्याच तत्त्वावर चालतात. १९४० नंतरच्या दशकात आल्टेक लान्सिंग या अमेरिकन कंपनीने १५ इंची वूफरच्या चुंबकाच्या मध्यातून लहान कर्णा बाहेर काढलेला ‘ड्युप्लेक्स ६०४’ हा घटक तयार केला व तो ध्वनिमुद्रणगृहांत दीर्घकाळ वापरात राहिला. ब्रिटनमधील टॅनॉय कंपनीने १९४७ च्या सुमारास ‘ड्युअल कॉन्सेंट्रिक’ घटक पुढे आणला. त्यात कर्णा चुंबकाच्या गाभ्यातून निघतो आणि वूफरचा शंकू हाच कर्ण्याचा पुढील विस्तार बनतो. १९८४ मध्ये निओडिमियम-लोह-बोरॉन हे अतिशय प्रबळ चुंबकीय द्रव्य जाहीर झाले. त्यामुळे शंकूच्या तळाशी मावेल एवढा लहान ट्वीटर करणे सुकर झाले आणि ब्रिटनमधील केईएफ कंपनीने १९८८ मध्ये ‘युनि-क्यू’ ही रचना बाजारात आणली. नॉर्वेतील सीआस, इटलीतील बी अँड सी, स्पेनमधील बेयमा इ. कंपन्या समाक्ष घटक सुटे विकतात व घरी संच बांधणारे प्रायः तेच वापरतात.

विभाजन कंप्रतेची वरची मर्यादा : शंकूच्या आत बसविलेल्या ट्वीटरचा ध्वनी किती पसरावा, हे शंकूची भिंत ठरविते, शंकू त्याचा कर्णाच असतो. भिंतींमधील कोन सु. ९०° असल्यास ट्वीटरचा ध्वनीही साधारण तेवढ्याच कोनात पसरतो. दुसरीकडे वूफरचा स्वतःचा ध्वनी कंप्रतेबरोबर अरुंद होत जातो. पडदा सपाट मानून गणित केल्यास तरंगलांबी ही पडद्याच्या परिणामी व्यासाएवढी होताच ध्वनी दोन्ही बाजूंस सु. ४५° वर, म्हणजे एकूण ९०° कोनाच्या कडांवर, ६ डेसिबेलांनी (दाबाच्या मानाने निम्म्यावर) उतरतो. या कंप्रतेच्या जवळपास अथवा तिच्या थोडे खाली विभाजन केल्यास दोन्ही घटकांचे विसरण जुळते. त्याहून वर नेल्यास वूफरची शलाका अरुंद होत जाते आणि ट्वीटर सुरू होताच ती एकदम रुंदावते.

परिणामी व्यासात शंकू व त्याच्या कडेच्या लवचिक कड्याचा सु. अर्धा भाग धरतात. १५ इंची घटकाचा परिणामी व्यास सु. ३३ सेंमी. असतो, त्यावरून वरची मर्यादा सु. १,०४० हर्ट्‌झ येते. टॅनॉयच्या १५ इंची घटकांत विभाजन सु. १,००० हर्ट्‌झला केलेले आढळते, ते या हिशोबाशी जुळते. साडेसहा इंची घटकाचा परिणामी व्यास सु. १३ सेंमी. धरल्यास मर्यादा सु. २,६४० हर्ट्‌झ, तर पाच इंची घटकाचा १० सेंमी. धरल्यास ती सु. ३,४३० हर्ट्‌झ येते. केईएफच्या २०१२ मधील ‘एलएस ५०’ या सव्वापाच इंची संचात विभाजन २,२०० हर्ट्‌झला, म्हणजे मर्यादेच्या बरेच खाली ठेवले होते.

खालची मर्यादा : ही ट्वीटरवर अवलंबून असते. ध्वनिदाब तेवढाच ठेवून कंप्रता निम्मी केली, तर पडद्याला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. ट्वीटरचा पडदा एखादा मिलिमीटरही सहजासहजी हलू शकत नाही. दर सप्तकास (कंप्रता दुप्पट वा निम्मी होण्याच्या अंतरास) ६ डेसिबेल उतार देणारे साधे मंडल वापरल्यास विभाजनाखालीही हेलकावा वाढतच राहतो, १२ डेसिबेलांच्या मंडलात तो स्थिर राहतो आणि २४ डेसिबेलांच्या मंडलात घटतो. यामुळे विभाजन कंप्रता ट्वीटरच्या अनुस्पंदन कंप्रतेच्या (ज्या कंप्रतेस तो स्वाभाविकपणे कंप पावतो त्या कंप्रतेच्या) तीव्र उतार असल्यास निदान दुप्पट व सौम्य उतार असल्यास सु. चौपट ठेवावी, असा व्यावहारिक नियम आहे.

घटकाची निवड : वरील दोन मर्यादांमध्ये अवकाश उरतो की नाही, हे खरेदीपूर्वी पाहणे आवश्यक असते. साडेसहा इंची घटकातील ट्वीटरची अनुस्पंदन कंप्रता १,००० हर्ट्‌झ असल्यास २४ डेसिबेलांच्या उतारासह २,००० ते २,६०० हर्ट्‌झ हा टापू मोकळा राहतो. तोच ट्वीटर १५ इंची शंकूत असल्यास खालची मर्यादा २,००० व वरची १,०४० हर्ट्‌झ होते. दोहोंची भेटच होत नाही. मोठ्या शंकूला म्हणूनच खालपर्यंत काम करणारा, कर्ण्यास जोडलेला संपीडन घटक लागतो. चुकीच्या निवडीचे परिमार्जन मंडलाने करता येत नाही. मंडल सर्व दिशांतील ध्वनी एकाच प्रमाणात वाढविते वा घटविते; समोर सपाट केलेला प्रतिसाद बाजूस मात्र उंचसखल राहतो.

याखेरीज आणखी दोन बाबी विचारात घ्याव्या लागतात. खर्जाच्या स्वरांसाठी शंकू मोठे हेलकावे घेऊ लागला की, ट्वीटरचा कर्णाच मागेपुढे हलतो व उच्च स्वरांत विकृती मिसळते. लहान समाक्ष घटकावर खोल खर्जाचा भार न टाकता सु. ३०० हर्ट्‌झच्या खालील काम स्वतंत्र वूफरकडे सोपविणे हा त्यावरील उपाय होय. ३०० हर्ट्‌झला तरंगलांबी सु. १·१४ मी. असल्याने हा वूफर पाव तरंगलांबीच्या, म्हणजे सु. २८ सेंमी. च्या आत असल्यास वेगळा उगम म्हणून जाणवत नाही. दुसरे असे की, ट्वीटरभोवतीची फट व शंकूची कड अक्षापासून सर्व बाजूंनी सारख्याच अंतरावर असतात. तेथून होणारे विवर्तन (कडेपाशी ध्वनीचे वळणे) अक्षावर एकाच वेळी पोचते आणि प्रतिसादात खळगे पडतात. अक्षापासून १५°–२०° वर हे खळगे बरेच भरून येतात. म्हणून संचाचे तोंड नेमके श्रोत्याकडे न ठेवता किंचित वळवितात.

विभाजक मंडल : विभाजनासाठी धारित्र व प्रवर्तक वेटोळे वापरतात. ८ ओहम रोधास २,००० हर्ट्‌झला ६ डेसिबेलांचे विभाजन करण्यास सु. १० मायक्रोफॅराड धारित्र व सु. ०·६४ मिलिहेन्री वेटोळे लागते. परंतु हे गणित रोध स्थिर मानते. घटकाचा संरोध कंप्रतेनुसार बदलतो. तो १२ ओहम झाल्यास वूफरचे विभाजन सु. ३,००० हर्ट्‌झकडे सरकते. त्यामुळे तयार सूत्रांवर किंवा बाजारातील तयार मंडलांवर विसंबता येत नाही.

झीगफ्रीड लिंकविट्झ व रसेल रायली यांनी २४ डेसिबेल उताराचे जे मंडल पुढे आणले, त्यात दोन्ही घटक विभाजन कंप्रतेस प्रत्येकी ६ डेसिबेल खाली व समकलेत असतात आणि त्यांची बेरीज सपाट येते. लिंकविट्झ यांचा १९७६ मधील निबंध अलग बसविलेल्या घटकांविषयी होता. पण समाक्ष घटकांतही हेच मंडल सोयीचे ठरते. समाक्ष घटकांत खोलीचा फरक शिल्लक असतो. संपीडन घटक १० सेंमी. मागे असल्यास त्याचा ध्वनी ०·२९ मिलिसेकंद उशिरा येतो; १,००० हर्ट्‌झला हा कलाफरक सु. १०५° व २,००० हर्ट्‌झला सु. २१०° भरतो. मात्र हा फरक सर्व दिशांत जवळजवळ सारखाच असल्याने अंकीय विभाजकात वूफरला तेवढा विलंब देऊन, अथवा मंडलाचे उतार बदलून, तो एकदाच दूर करता येतो. अलग घटकांत तो दिशेगणिक बदलतो.

मापन : घटक प्रत्यक्ष पेटीत बसवून ध्वनिग्राहकाने समोर व निरनिराळ्या कोनांत मापन करावे लागते. ध्वनिक्षेपक व ध्वनिग्राहक दोन्ही जमिनीपासून १·२ मी. उंचीवर व परस्परांपासून १ मी. अंतरावर असल्यास जमिनीवरील प्रतिध्वनी मूळ ध्वनीनंतर सु. ४·७ मिलिसेकंदांनी पोचतो. इतर पृष्ठभाग याहून दूर असल्यास तेवढ्याच काळाचे मापन घेतल्याने सु. २१५ हर्ट्‌झच्या वरचा प्रतिसाद खोलीच्या प्रभावाविना मिळतो. जुळणी तपासण्यास ट्वीटरच्या तारा उलट जोडतात. दोन्ही घटक समकलेत आणि सारख्या पातळीवर असल्यास उलट जोडणीत विभाजन कंप्रतेपाशी खोल व सममित खळगा पडतो. नेहमीच्या संचात हा खळगा एका विशिष्ट उंचीवरच आढळतो; समाक्ष संचात तो वर, खाली व बाजूसही टिकून राहिला, तर घटक व विभाजन कंप्रता यांची निवड योग्य झाली असे समजावे.