ॲक्रिलिक रंग : साहित्य आणि तंत्र

चित्रकाराच्या हातातील कोणताही रंग मुख्यतः दोन घटकांचा बनलेला असतो. पहिला घटक म्हणजे रंगद्रव्य, अर्थात रंगाची बारीक पूड. दुसरा घटक म्हणजे ही पूड एकत्र बांधून पृष्ठभागावर धरून ठेवणारा बंधक पदार्थ. जलरंगात हे काम डिंक करतो, तर तैलरंगात जवसाचे तेल करते. निळ्या रंगाची एकच पूड जलरंगातही वापरता येते आणि तैलरंगातही. बंधक बदलला की मात्र रंगाचा सारा स्वभाव बदलतो. ॲक्रिलिक रंगातील बंधक हा एक प्रकारचा प्लॅस्टिक पदार्थ आहे. त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. या एका गोष्टीतून या माध्यमाचे सर्व गुण आणि सर्व अडचणी उद्भवतात.

रंग ओला असतो तेव्हा तो पाण्याने पातळ करता येतो, कुंचलाही पाण्याने धुता येतो. रंग लावल्यावर त्यातील पाणी उडून जाते, प्लॅस्टिकचे कण एकमेकांजवळ येतात आणि एकजीव होऊन त्यांचा लवचीक पापुद्रा बनतो. एकदा हा पापुद्रा तयार झाला, की त्यावर कितीही पाणी ओतले तरी तो विरघळत नाही. वाळलेला जलरंग ओल्या कुंचल्याने पुन्हा सुटतो; ॲक्रिलिक सुटत नाही. थोडक्यात, पाणी ओल्या रंगाचे मित्र असते. वाळलेल्या रंगावर मात्र त्याची सत्ता चालत नाही.

माध्यमाचा जन्म

जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांनी १९०१ साली आपल्या प्रबंधात ॲक्रिलिक वर्गातील पदार्थांचा अभ्यास मांडला. त्यातून पुढे काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक निर्माण झाले. याच सुमारास चित्रकारही नव्या माध्यमाच्या शोधात होते. मेक्सिकोतील दाविद सिकेरोस यांच्यासारख्या भित्तिचित्रकारांना ऊनपाऊस सोसणारा आणि लवकर वाळणारा रंग हवा होता. त्यासाठी १९३०च्या दशकात त्यांनी मोटारींना देण्याचे रंगही वापरून पाहिले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टर्पेंटाईनमध्ये मिसळणारे ॲक्रिलिक रंग आले आणि १९५०च्या दशकाच्या मध्यास पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग चित्रकारांना मिळू लागले. घराच्या भिंतींना लावला जाणारा ॲक्रिलिक इमल्शन रंग हाही याच कुळातील आहे.

भारतातील अनेक थोर चित्रकारांनी हे माध्यम आपलेसे केले. सय्यद हैदर रझा यांचे १९८३ सालचे ‘सौराष्ट्र’ आणि तय्यब मेहता यांचे १९९५ सालचे ‘सेलिब्रेशन’ ही गाजलेली चित्रे ॲक्रिलिकमध्येच रंगविलेली आहेत. मेहता यांच्या चित्रांतील सपाट, एकसंध रंगक्षेत्रे आणि त्यांच्या रेखीव कडा पाहिल्या, की या माध्यमाचे सामर्थ्य ध्यानात येते.

लोककलेच्या क्षेत्रात तर या रंगाने मोठे परिवर्तन घडविले. वारली चित्रे पूर्वी झोपडीच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जात. भिंत पुन्हा सारवली की चित्र नाहीसे होई. चित्र कापडावर उतरले, पिठाच्या जागी न धुपणारा पांढरा रंग आला, तेव्हा ते घराबाहेर जाऊ शकले. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांनी शेणाने सारवलेल्या कापडावर ॲक्रिलिकच्या पांढऱ्या रंगाने चित्रे काढली आणि ती परदेशातील प्रदर्शनांपर्यंत पोहोचली. यातून अनेक कुटुंबांना उपजीविकेचे साधन मिळाले. विवाहविधीत जन्मणारे आणि भिंतीबरोबर मावळणारे चित्र आता विक्रीची वस्तू झाले, हीदेखील त्याच परिवर्तनाची दुसरी बाजू होय.

साहित्याची निवड

नवशिक्याने रंगांची मोठी पेटी घेण्याची आवश्यकता नाही. टिटॅनियम पांढरा, लेमन पिवळा, यलो ऑकर, क्रिम्सन लाल, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी, असे सहा रंग पुरेसे होतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले, की काळ्याच्या जवळ जाणारा गडद रंग मिळतो. त्यामुळे वेगळा काळा रंग नसला तरी चालते. पांढरा रंग सर्वाधिक खर्च होतो. त्याची नळी मोठी घ्यावी.

कुंचले कृत्रिम केसांचे असावेत. एक रुंद चपटा, एक मध्यम चपटा आणि एक बारीक गोल, असे तीन कुंचले आरंभी पुरतात. रंग कालविण्यासाठी लाकडी फळीपेक्षा काच, पांढरी टाईल किंवा चिनी मातीची बशी अधिक सोयीची. तिच्यावर वाळलेला रंग खरवडून काढता येतो. याशिवाय पाण्याची दोन भांडी, जुने सुती कापड आणि पाणी फवारण्याची छोटी बाटली जवळ असावी. एका भांड्यात कुंचला धुवावा, दुसऱ्यातील स्वच्छ पाणी रंगात मिसळण्यासाठी वापरावे.

हे रंग कागद, पुठ्ठा, हार्डबोर्ड, कापड आणि कॅनव्हास या सर्वांवर बसतात. मात्र तेलकट किंवा गुळगुळीत पृष्ठभागावर त्यांची पकड राहत नाही. तैलरंगाच्या चित्रावर ॲक्रिलिक कधीही लावू नये. ते कालांतराने सुटते. हार्डबोर्ड किंवा कोऱ्या कॅनव्हासवर आधी जेसो नावाच्या पांढऱ्या अस्तराचे दोन-तीन हात द्यावेत. प्रत्येक हात वाळल्यावर पॉलिश पेपरने हलकेच घासल्यास पृष्ठभाग सारखा होतो.

रंगविण्याच्या पद्धती

पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर जलरंगासारखा दिसतो. परंतु पाणी फार झाले, की बंधक विरळ होतो आणि रंगाची पकड कमी होते. अगदी पातळ थर हवा असेल, तेव्हा रंगहीन ॲक्रिलिक माध्यम मिसळणे अधिक चांगले. असा पारदर्शक थर वाळलेल्या रंगावर दिला, की खालचा रंग त्यातून डोकावतो. पिवळ्यावर लालसर पातळ थर दिल्यास जी उजळ नारिंगी छटा मिळते, ती हे दोन रंग बशीत कालवून मिळत नाही.

याउलट, नळीतील घट्ट रंग सुरीने किंवा जाड कुंचल्याने लावल्यास पृष्ठभागावर उंचवटे उठतात आणि चित्राला स्पर्शाचा गुण येतो. कुंचला जवळजवळ कोरडा करून, त्यावर अगदी थोडा रंग घेऊन खरखरीत पृष्ठभागावर फिरविला, तर रंग केवळ उंच भागावर बसतो. दगड, झाडाची साल, जुनी भिंत यांचा पोत अशा रीतीने सहज साधतो. सरळ, धारदार कड हवी असल्यास मास्किंग टेप लावावा. मात्र टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग फिरवून तो वाळू द्यावा. त्यामुळे टेपखालच्या फटी बुजतात आणि वरचा रंग आत पाझरत नाही.

मातीचा माठ रंगवायचा आहे, असे समजू. प्रथम संपूर्ण आकारावर बर्न्ट सिएनाचा पातळ थर द्यावा. तो वाळल्यावर सावलीच्या बाजूस बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन मिसळून गडद छटा लावावी. उजेडाच्या बाजूस यलो ऑकर आणि पांढरा मिसळून फिकट छटा द्यावी. दोन्ही छटा जिथे भेटतात, तिथे रंग ओला असतानाच त्या एकमेकींत मिसळाव्यात. अखेरीस कोरड्या कुंचल्याने मातीचा खरखरीतपणा दाखवावा आणि माठाच्या गळ्याजवळ उजेडाचा एकच फिकट ठिपका ठेवावा.

वेळेचे भान

यातील सर्वांत कठीण पायरी म्हणजे ओल्या छटा मिसळणे, कारण पातळ थर काही मिनिटांतच वाळतो. उत्तर भारतातील किंवा विदर्भातील मे महिन्यात तो पाहता पाहता वाळतो. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात बराच वेळ ओला राहतो. उन्हाळ्यात रंगावर अधूनमधून पाणी फवारावे. झाकणाच्या डब्यात ओले कापड, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, अशी रचना केल्यास काढलेला रंग वाया जात नाही. थंडी फार असल्यास वेगळीच अडचण येते. सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली प्लॅस्टिकचे कण नीट एकजीव होत नाहीत आणि थर कच्चा राहतो. म्हणून डोंगराळ प्रदेशात हिवाळ्यात उबदार खोलीतच काम करावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ओला बंधक दुधासारखा पांढुरका असतो, वाळल्यावर तो पारदर्शक होतो. त्यामुळे वाळलेला रंग ओल्या रंगापेक्षा किंचित गडद दिसतो. महत्त्वाची छटा आधी कागदाच्या तुकड्यावर वाळवून पाहावी.

जोपासना आणि दक्षता

कुंचल्यात रंग वाळला, की कुंचला बहुधा वाया गेला असे समजावे. काम थांबताच तो कापडाने पुसावा, साबणाने धुवावा आणि आडवा वाळवावा. टोक काढण्यासाठी कुंचला ओठांत धरण्याची सवय घातक आहे. काही रंगद्रव्यांत कॅडमियम, कोबाल्ट यांसारखे धातू असतात. रंगाचे पाणी थेट मोरीत ओतू नये. गाळ तळाशी बसू द्यावा, तो वाळवून कचऱ्यात टाकावा. अन्यथा प्लॅस्टिकचे कण सांडपाण्यातून नदीनाल्यांत जातात. पूर्ण झालेली चित्रे समोरासमोर चिकटवून ठेवू नयेत, कारण उष्णतेने हा थर मऊ होऊन एकमेकांस चिकटतो.

ॲक्रिलिक रंगात झालेली चूक पुसता येत नाही. पण तासाभरात वाळलेल्या त्या चुकीवर नवा थर देता येतो. जुना थर खाली तसाच राहतो, त्याचे उंचवटे कधीकधी वरूनही जाणवतात, तरीही चित्र पुढे जाऊ शकते. उशिरा शिकावयास आरंभ करणाऱ्या हातांना या माध्यमाचा हा गुण विशेष उपयोगी पडावा.