धान स्वतःच निंदण करतं!

रोवणी आटोपली की दिघोरीच्या बांध्यांमध्ये दुसरी लढाई सुरू होते. लाखांदूर तालुक्यातल्या या गावात काय किंवा सगळ्या भंडारा जिल्ह्यात काय, धानाच्या पाठोपाठ सावा नावाचं तण हजर असतंच. कोवळा सावा आणि कोवळं धान शेजारी शेजारी धरून बघा, ओळखता येतात? निंदणाऱ्या बाया बरोबर ओळखतात. पान खोडाला जिथं जुळतं तिथं धानाला इवलीशी पांढरट जीभ असते. सावा त्या जागी कोराच. बाकी सोंग असं बेमालूम की नवखा माणूस धान उपटून सावा ठेवील.

पण त्या वाकलेल्या पाठींखाली, चिखलात, आणखी कोणीतरी निंदत असतं. कोण? खुद्द धान!

ही भानगड हळूहळू उलगडत गेली. १९७३ साली जपानी शास्त्रज्ञांनी धानाच्या तुसातून दोन पदार्थ वेगळे केले. राईस मिलच्या मागे ज्याचे डोंगर उभे राहतात, तेच हे तूस. या पदार्थांना मोमिलॅक्टोन ए आणि बी अशी नावं मिळाली. ते रोपांची वाढ रोखतात, हे तेव्हाच ध्यानात आलं होतं. पण तूस असतं वर दाण्याभोवती आणि तण उगवतं खाली मातीत. मग दोघांची गाठ पडायची कुठं? उत्तर मिळायला तीसेक वर्षं गेली. शास्त्रज्ञ हिसाशी काटो-नोगुची यांनी २००२ साली दाखवून दिलं, की मोमिलॅक्टोन बी धानाच्या जिवंत मुळांतूनही पाझरतं. म्हणजे आपण वरून फवारतो, धान खालून सोडतं! आणि त्याला स्वतःला बाधतं का? सहजासहजी नाही. शेजारच्या रोपाची वाढ खुंटवणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट जास्त मोमिलॅक्टोन धान पचवतं.

आता याहून नवल ऐका. शेजारी सावा उगवला की धानाची मुळं हा पदार्थ नेहमीपेक्षा जास्त सोडतात. डोळे नाहीत, कान नाहीत, तरी बाजूला कोण आलंय याचा सुगावा मुळांना लागतो. कसा? साव्याच्या मुळांतून पाण्यात उतरणाऱ्या रसायनांवरून.

शंकेखोर वाचक विचारेल, तण दबतं ते कशावरून याच पदार्थामुळं? सावली पडली असेल, खत धानानंच ओढून घेतलं असेल. शंका रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनाही ती होतीच. २०१२ साली चिनी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी तिचा निकाल लावला. मोमिलॅक्टोन बनवणारी जनुकंच त्यांनी धानातून निकामी केली. रोप तेच, फक्त हत्यार काढून घेतलेलं. तण दाबण्याची धानाची ताकद बरीच उतरली.

सावा मात्र मुकाट मार खाणाऱ्यांतला नाही. त्याचा जनुकसंच २०१७ साली वाचला गेला तेव्हा कळलं, की त्याच्याकडे डिम्बोआ नावाचं स्वतःचं रसायन आहे. ते बनवणाऱ्या जनुकांचे एक नाही, दोन नाही, तीन संच तो बाळगून आहे, आणि धानाशेजारी वाढताना ते कामाला लागतात. शिवाय मोमिलॅक्टोनची जनुकंही साव्याजवळ आहेतच! वरून शांत, हिरवीगार दिसणारी बांधी. खाली दोन्हीकडून विष सोडणं चाललेलं. आणखी एक गंमत, एका शेवाळालाही मोमिलॅक्टोन बनवता येतं. शेवाळ आणि धान यांची कुळं वेगळी होऊन चाळीस कोटींहून जास्त वर्षं लोटलीत. दोघांनी हा नुस्खा आपापला शोधून काढला, असं दिसतं.

असल्या रसायनातून दुकानात मिळणारं तणनाशक निघतं का? निघालंय की. बागेत लाल ब्रशासारखी फुलं लटकणारं बॉटलब्रशचं झाड तुम्ही पाहिलं असेल. १९७७ साली कॅलिफोर्नियात स्टॉफर कंपनीच्या संशोधकांच्या लक्षात आलं, की या झाडाखाली फारसं काही उगवत नाही. कारण निघालं लेप्टोस्पर्मोन. पानातली नारिंगी रंगद्रव्यं हिरव्या रंगावर छत्री धरून असतात. लेप्टोस्पर्मोन ती छत्रीच बनू देत नाही. मग ज्या उन्हावर पान जगायचं तेच ऊन हिरवा रंग जाळतं आणि पान कागदासारखं पांढरं पडतं. मूळ पदार्थ दुबळा होता, मात्रा फार लागायची. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची घडण थोडी बदलली आणि २००१ च्या सुमारास मेसोट्रायोन बाजारात आलं. मक्यात ते चालतं, कारण मका त्याचे झटपट तुकडे करून टाकतो. झाडापासून निघालं म्हणून निरुपद्रवी, हा समज मात्र सोडलेला बरा. विष झाडाचं असलं तरी विषच.

मला स्वतःला बाटलीतल्या औषधापेक्षा मुळातल्या औषधाचं अप्रूप जास्त. सगळी धानं सारखी नसतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अर्कान्सासमध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट डिल्डे यांना काही धानांभोवती तण नसलेली मोकळी जागा दिसली. पुढं हजारो वाण तपासले, तेव्हा असे गुणी थोडेच निघाले. आपण वाण निवडतो तो दाणा, उतारा, चव पाहून. मुळं काय सोडतात, हे कोण बघतो? अशा वाणानं निंदण संपणार नाही, बांधीत पाणीही राखावंच लागेल. पण एखादी निंदणी वाचली तरी मजुरीचा केवढा भार हलका होईल!

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या आणि त्यातून एचएमटी धान उभं केलं. तशी नजर आता जरा खाली वळवा. एखाद्या धानाभोवती तण सारखंच विरळ दिसलं, तर त्याच्या लोंब्या वेगळ्या कापून ठेवा. पुढच्या हंगामात सारखं पाणी, सारखं खत देऊन दुसऱ्या वाणाशेजारी लावून पाहा. पुन्हा तेच दिसलं, तर ते बियाणं साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रात नेऊन दाखवा.