खांदशेकणीच्या दिवशी चार टेबलं

पहाटे पाचला मी लॅपटॉप उघडतो, तेव्हा सिमेंट कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रकांची ये-जा सुरू झालेली असते. आज गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५. उद्या पोळा, म्हणजे आज संध्याकाळी बैलांची खांदशेकणी. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी आणणारं विधेयक काल लोकसभेत मंजूर झालं आणि आज ते राज्यसभेत जाणार आहे. टेबलं अजून उघडी आहेत.

मी पोकरमध्ये नवशिका आहे. खेळतो तो टेक्सास होल्डेम, सहा जणांचं टेबल, ब्लाइंड एक आणि दोन रुपये. पत्ते वाटायच्या आधी एकाने एक रुपया आणि त्याच्या पुढच्याने दोन रुपये टाकायचेच असतात. त्या दोन रुपयांना बिग ब्लाइंड म्हणतात आणि सगळा हिशेब त्याच मापात चालतो. टेबलावर बसताना शंभर बिग ब्लाइंड, म्हणजे दोनशे रुपये घ्यायचे. खात्यात तीस वेळा बसता येईल एवढे, सहा हजार. ते संपले तर पुन्हा भरायचे नाहीत, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे. गावात कर्ज न पाहिलेलं घर शोधावं लागतं. तिथे ही ओळ लिहिल्याशिवाय बसूच नये असं मला वाटतं.

सकाळी मी एकच टेबल लावतो. एका टेबलावर तासाला सत्तरच्या आसपास डाव होतात आणि त्यातले बहुतेक टाकून द्यायचे असतात. हातात आलेले दोन पत्ते दुर्री-सत्ती असोत की गुलाम-चौकी, टाकायचे आणि बघत बसायचं. नव्या माणसाला हेच जमत नाही. एक्क्यांची जोडी २२१ डावांतून सरासरी एकदा येते, म्हणजे एका टेबलावर तीन तासांत एकदा. तेवढा वेळ हात चुळबुळतो आणि माणूस न खेळायचे पत्ते खेळून बसतो. पण त्या रिकाम्या वेळातच खरं शिकणं असतं, कारण आपण डावात नसताना बाकीचे पाच जण काय करतात ते दिसतं. कोण प्रत्येक डावात दोन रुपये टाकून शिरतो, कोण एकदाच रेझ करतो, म्हणजे बोली वाढवतो, आणि तेव्हा त्याच्याकडे खरंच काहीतरी असतं, कोण शेवटच्या पत्त्यापर्यंत सोडत नाही.

साडेपाचच्या सुमाराला असा डाव येतो. माझ्याकडे बदामचा राजा आणि बदामची दश्शी. समोर फ्लॉप, म्हणजे उघडे मांडलेले पहिले तीन पत्ते: इस्पिकचा एक्का, बदामची सत्ती, बदामची तिर्री. आणखी एक बदाम आला की माझा फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, तीस रुपये आहेत, समोरचा पंधरा लावतो. पंचेचाळीस मिळवायला मला पंधरा घालायचे आहेत, म्हणजे चारातून एकदा तरी बदाम यायला हवा. न दिसलेल्या सत्तेचाळीस पत्त्यांत नऊ बदाम उरलेत. पुढच्याच पत्त्याला येण्याची शक्यता एकोणीस टक्के. नुसत्या गणिताने पत्ते टाकायला हवेत. पण बदाम आल्यावर समोरच्याने पुढे आणखी अठरा-एकोणीस रुपये दिले, तर हिशेब बरोबरीत येतो. तो देईल का? अर्ध्या तासात त्याला मी दोनदा पाहिलं आहे, हातात नुसती एक्क्याची जोडी असताना शेवटपर्यंत पैसे भरणारा. म्हणून मी पंधरा घालतो. पुढचा पत्ता किलवरची चौकी निघतो, तो चाळीस लावतो, मी पत्ते टाकतो. पंधरा रुपये गेले आणि निर्णय बरोबर होता. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मनाला पटायला मला फार वेळ लागतो आहे, आणि ह्या खेळातून काही घ्यायचं असेल तर मला तेच घ्यायचं आहे.

सहाला माय चहा घेऊन येते. "काऊन रे, डोये लाल दिसून रायले तुये?" बाबा गोठ्यातून ओरडतात, "आज लवकर येजो, बैलं धुवाची हायेत."

नऊ ते पाच मी वजनकाट्यावर. आमचं मुकुटबन झरी-जामणी तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. आजूबाजूला कोळसा आहे, चुनखडी आहे, आणि २०२२ पासून एमपी बिर्लाचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा कारखाना आहे. ट्रक येतो, भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा, वजाबाकी करून पावती द्यायची. पोकरमधला रेक मला ह्या कामामुळे लवकर कळला. प्रत्येक पॉटमधून टेबलवाली कंपनी पाच टक्क्यांच्या आसपास कापून घेते. चाळीस रुपयांच्या पॉटमागे दोन रुपये, म्हणजे एक अख्खा बिग ब्लाइंड. नवशिका भरलेला ट्रकच तोलत असतो, आज किती पॉट जिंकले ते सांगतो. गाडीचं वजन वजा करत नाही.

उद्या पोळा म्हणून आज चालकांचं बोलणं पत्त्यांवरच. आपल्याकडे पोळ्याच्या आसपास डाव बसतात, एक्का-बादशहा होतो, जंगलाकडेला कोंबडबाजार भरतो आणि मग धाडी पडल्याच्या बातम्या येतात. मला त्या खेळांत आणि माझ्या खेळात फरक दिसतो. एक्का-बादशहात पत्ता उलटेपर्यंत करण्यासारखं काही नसतं. पोकरमध्ये पत्ता उलटायच्या आधी आणि नंतर ठरवायचं असतं. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याचे खेळ बाजूला ठेवले होते, आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याच्या बाजूला घातलं. पण हा फरक काट्यावरच्या पोरांना सांगताना मी सांभाळून बोलतो. खेळात कौशल्य आहे याचा अर्थ माझ्यात ते आहे असा होत नाही, आणि मोबाइलवरच्या जाहिरातींनी ह्या दोन वाक्यांची सरमिसळ करूनच पोरं ओढली.

दुपारी दीडला डबा आणि वही. सकाळचा डाव लिहून काढतो. मग कालपासून अर्धवट राहिलेलं गणित. समजा मी खरंच बरा खेळतो आणि शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड कमावतो. नवशिक्याला हे भरपूर झालं. रात्री चार टेबलं लावली की तासाला २८० डाव होतात. म्हणजे चौदा बिग ब्लाइंड, अठ्ठावीस रुपये तास. २०२५-२६ ची महाराष्ट्रातली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. आठ तासांनी भागली तर एकोणचाळीस. चांगला खेळलो तरी मी बांधावर माती टाकणाऱ्या बाईपेक्षा कमी कमावतो, आणि तिची मजुरी पत्त्यांवर ठरत नाही.

माझी ठरते. सहा जणांच्या टेबलावर शंभर डावांमागे साधारण नव्वद-शंभर बिग ब्लाइंडचा चढउतार धरतात. दहा हजार डावांत तो दसपट होतो, म्हणजे अठराशे-दोन हजार रुपये इकडे किंवा तिकडे. त्याच दहा हजार डावांत माझी अपेक्षित कमाई हजार रुपये. म्हणजे बरा खेळाडू तेवढे डाव खेळून हजाराने खाली असू शकतो, आणि कच्चा खेळाडू हजाराने वर असताना नोकरी सोडायचा विचार करू शकतो. हे दुसरं जास्त भयंकर. हरलेला पोरगा कधीतरी थांबतो. नशिबाने जिंकलेला आणखी मोठ्या रकमेच्या टेबलावर जातो. वरून कर. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, म्हणजे शंभरातले जवळपास बावीस रुपये खेळायच्या आधीच करात. आणि जिंकून वर राहिलं तर त्यातून तीस टक्के.

तीनच्या पुढे ट्रकच ट्रक. वहीला हात लागत नाही. राज्यसभेतही विधेयक मंजूर झाल्याची बातमी फोनवर दिसते. कौशल्य की नशीब हा वादच त्यात ठेवलेला नाही. पैसे लावून, पैसे मिळण्याच्या आशेने ऑनलाइन खेळला जाणारा कुठलाही खेळ बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मला वाईट वाटतं, आणि सरकारची बाजूही समजते. दोन रुपयांच्या टेबलाच्या शेजारी एका बोटावर दोनशेचं टेबल होतं, आणि मध्ये कुणी उभं नव्हतं.

संध्याकाळी सहा. बैल धुऊन झालेत. बाबा हळद आणि लोणी घेऊन बसलेत, मी पळसाची पानं गरम करून देतो. वर्षभर जू ओढलेले खांदे शेकायचे, हलक्या हाताने चोळायचे. शेवटी माय दोन्ही बैलांच्या कानाशी जाऊन म्हणते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तासभर फोन घरात पडून असतो.

रात्री नऊला चार टेबलं, पडद्याच्या चार कोपऱ्यांत एकेक. दर तेरा सेकंदांना कुठेतरी नवे दोन पत्ते येतात. एक्क्यांची जोडी आता सरासरी तासात एकदा तरी दिसते, त्यामुळे कंटाळा येत नाही आणि कंटाळ्यातून होणाऱ्या चुकाही होत नाहीत. नवे खेळाडू एकाहून अधिक टेबलांवर जातात ते म्हणूनच. वाट बघणं सोपं होतं. मीही ठरलेल्या तक्त्याप्रमाणे खेळतो. बटनवर असलो, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलायची पाळी माझी असली, तर जास्त पत्ते खेळायचे. आधी बोलायचं असेल तर कमी. हात आपोआप चालतो.

आणि माणसं नाहीशी होतात. दहाच्या सुमाराला खालच्या डाव्या टेबलावर जवळपास पहाटेचाच डाव येतो, हातात एका रंगाचे दोन पत्ते, समोर त्याच रंगाचे आणखी दोन, पॉटच्या निम्मी बोली. इथला समोरचा पुढे पैसे देईल का? तो पाऊण तास माझ्या टेबलावर बसला आहे आणि मला त्याच्याबद्दल एक अक्षर माहीत नाही. घड्याळ सरकतंय, वरच्या दोन टेबलांनीही हाक दिली आहे. उरतं नुसतं गणित. मी पत्ते टाकतो. तेच प्रमाण, तीच शक्यता, वेगळा निर्णय. चार टेबलांवर मी पहाटे शिकलेलं वापरतो, नवीन काही शिकत नाही. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो, पहिल्या वर्षात दोनाच्या वर टेबलं नकोत, आणि त्यातलंही एक नुसतं बघण्यासाठी.

डाव वाढवून काय होतं याचं टोक जगाने पाहिलं आहे. अमेरिकेच्या रँडी ल्यूने जानेवारी २०१२ मध्ये बहामात आठ तासांत २३,४९३ डाव खेळून गिनेस विक्रम केला. विक्रमासाठी शेवटी नफ्यात राहणं आवश्यक होतं. तो राहिला, ७.६५ डॉलरने. आणि तो नवशिका नव्हता. तोपर्यंत त्याच्या मागे लाखो डाव होते.

अकराला मी एकामागून एक टेबलं सोडतो. आज एकशे बारा रुपये खाली. वहीत रक्कम कोपऱ्यात लहान लिहितो आणि मधल्या जागेत विचार करायला लावणारे डाव. आजच्या रात्रीचा एकच.

दुसऱ्या दिवशी, ऐन पोळ्याला, राष्ट्रपतींची सही झाली. पैशाची टेबलं एकामागून एक बंद झाली, खात्यातले पैसे काढून घेण्याची सोय तेवढी उघडी राहिली. मी खात्यात उरलेलं सगळं काढून घेतलं. फुकटच्या चिप्सची टेबलं कायद्यात चालतात आणि आठवड्यातून एखाद्या पहाटे मी तिथे बसतो, पण तिथे पहिल्याच पत्त्याला सगळे सगळं लावतात. ज्या बोलीला किंमत नाही तिच्यावरून समोरच्याचा अंदाज बांधता येत नाही. शक्यता पाठ करायला ते टेबल चालतं, माणसं ओळखायला नाही.

आता काट्यावरच्या पोरांच्या टेलिग्रामवर परदेशी साइटच्या लिंका येऊ लागल्या आहेत. तिथे रेक किती, समोर माणूस बसलाय की प्रोग्राम, पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागायची, कशाचाच पत्ता नसतो. एकाने परवा विचारलं, "भाऊ, तू तं खेयत होता ना, कोणती चांगली हाय?" मी त्याला पावतीच्या मागे दोन आकडे लिहून दिले, अठ्ठावीस आणि एकोणचाळीस, आणि पुढचा ट्रक येईपर्यंत ते कसे निघाले ते समजावून सांगितलं.