द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द फेलोशिप ऑफ द रिंग (चित्रपट)

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द फेलोशिप ऑफ द रिंग' हा २००१ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील अद्भुतरम्य चित्रपट आहे. इंग्रज लेखक जे.आर.आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या पहिल्या खंडावर तो आधारलेला असून त्याचे दिग्दर्शन न्यूझीलंडचे पीटर जॅक्सन यांनी केले. पटकथा फ्रॅन वॉल्श, फिलिपा बॉयन्स आणि जॅक्सन यांची आहे. चित्रपटत्रयीतील हा पहिला भाग होय. वाचकांनी वर्षानुवर्षे मनात जपलेले पुस्तक पडद्यावर आणताना काय राखावे व काय सोडावे, या प्रश्नाच्या संदर्भात या चित्रपटाचा उल्लेख नेहमी होतो.

पार्श्वभूमी

टॉल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक व भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांची ही कादंबरी १९५४–५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. १९५८ साली चित्रपटासाठी तयार केलेला एक आराखडा त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्यावर सविस्तर व परखड टिपणे लिहिली. लढायांना दिलेले अवास्तव महत्त्व त्यांना खटकले. दोन प्रसंगांना पुरेसा अवकाश देता येत नसेल, तर दोन्हींचा अर्थ हरवू देण्यापेक्षा एक वगळलेला बरा, असा त्यांचा अभिप्राय होता. १९७८ साली राल्फ बाक्षी यांनी कथेच्या सुमारे निम्म्या भागावर सचेतपट काढला. जॅक्सन यांची योजना प्रारंभी दोन चित्रपटांची होती. मिरामॅक्स या संस्थेने सारी कथा एकाच चित्रपटात बसवण्याचा आग्रह धरल्यावर ते न्यू लाइन सिनेमाकडे गेले आणि तेथे तीन चित्रपटांचा निर्णय झाला.

कथानक

शायर या शांत प्रदेशात राहणाऱ्या फ्रोडो बॅगिन्स या हॉबिटाला, म्हणजे बुटक्या, अनवाणी चालणाऱ्या जमातीतील तरुणाला, काका बिल्बोकडून एक अंगठी मिळते. ती दुष्ट शक्तीचा अधिपती सौरॉन याने घडवलेली असून धारण करणाऱ्याच्या मनाला ती हळूहळू ग्रासते. जेथे ती घडली त्या मॉर्डॉरमधील ज्वालामुखीतच तिचा नाश होऊ शकतो. जादूगार गॅन्डाल्फ, आरागॉर्न, बोरोमिर, एल्फ लेगोलस, ड्वार्फ गिम्ली आणि सॅम, मेरी व पिपिन हे तीन हॉबिट यांच्यासह फ्रोडो प्रवासाला निघतो. मोरियाच्या भुयारांत गॅन्डाल्फ दरीत कोसळतो. पुढे अंगठीच्या मोहाने बोरोमिरचे मन ढळते, संघ फुटतो आणि फ्रोडो व सॅम दोघेच मॉर्डॉरची वाट धरतात.

पुस्तकातून पडद्यावर

पुस्तकात अंगठीचा इतिहास वाचकाला फ्रोडोबरोबर हळूहळू कळत जातो. चित्रपटात तो गॅलाड्रिएलच्या निवेदनातून आरंभीच सांगितला जातो. त्यामुळे नवख्या प्रेक्षकाला कथा कळणे सोपे होते. मात्र साध्या वाटणाऱ्या अंगठीभोवती दाटत जाणारी शंका त्याच्या वाट्याला येत नाही. सारुमानचा विश्वासघात पुस्तकात गॅन्डाल्फ सभेत कथन करतो, तर चित्रपटात तो प्रत्यक्ष दिसतो. बिल्बोचा वाढदिवस आणि फ्रोडोचे प्रस्थान यांत पुस्तकात १७ वर्षे जातात. पडद्यावर हा काळ बराच लहान भासतो.

टॉम बॉम्बाडिल, जुने अरण्य आणि प्राचीन थडग्यांच्या टेकड्या हा भाग पूर्णपणे गाळला आहे. या वगळण्याचा परिणाम दूरवर पोहोचतो. पुस्तकात मेरीला याच थडग्यांतून एक जुने शस्त्र मिळते. अंगमारच्या राजाविरुद्धच्या युद्धासाठी घडवलेले हे पाते अखेर त्याच राजाला जखमी करते. चित्रपटात हॉबिटांना तलवारी आरागॉर्न देतो, त्यामुळे हा धागा तुटतो.

नदीच्या उतारावर फ्रोडोला वाचवण्याच्या प्रसंगी ग्लॉर्फिन्डेलऐवजी आर्वेन येते. पुस्तकातील आरागॉर्न आपला राजवारसा निःशंकपणे स्वीकारतो. चित्रपटातील आरागॉर्न पूर्वजाच्या दुबळेपणाच्या भीतीने त्यापासून दूर राहू पाहतो. बोरोमिरचा मृत्यू पुस्तकात दुसऱ्या खंडाच्या आरंभी आहे. तो पहिल्या चित्रपटाच्या शेवटी आणल्याने मोह, पश्चात्ताप आणि बलिदान हे एकाच ओघात येते. पुस्तकाशी निष्ठावान असलेल्या अनेक वाचकांनीही हा बदल उचित मानला आहे.

निर्मिती

तिन्ही चित्रपटांचे मुख्य चित्रीकरण ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात न्यूझीलंडमध्ये सलग झाले. टॉल्किन यांच्या पुस्तकांसाठी पूर्वी चित्रे काढणारे ॲलन ली व जॉन हाउ यांना दृश्यकल्पनेसाठी बोलावण्यात आले. त्यामुळे वाचकांच्या परिचयाची चित्रसृष्टीच बरीचशी पडद्यावर उतरली. माटामाटा गावाजवळ उभारलेल्या हॉबिटांच्या वस्तीत झाडेझुडपे व भाजीपाला चित्रीकरणाच्या बराच आधी लावून वाढू दिला होता. हॉबिट लहान दिसावेत म्हणून नटांना कॅमेऱ्यापासून कमीअधिक अंतरावर उभे करणे, एकाच वस्तूच्या दोन मापांच्या प्रतिकृती बनवणे आणि बदली कलाकार वापरणे, असे उपाय योजले गेले.

प्रतिसाद

चित्रपटाला ऑस्करची १३ नामांकने मिळाली. छायाचित्रण, रंगभूषा, संगीत आणि दृश्यपरिणाम यांसाठी ४ पुरस्कार लाभले. बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही त्याला मिळाला. २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

टॉल्किन यांचे पुत्र व वाङ्‌मयीन वारसदार क्रिस्टोफर टॉल्किन यांचे मत मात्र प्रतिकूल होते. पुस्तकाचा गाभा काढून त्याचा तरुणांसाठी हाणामारीचा चित्रपट केला गेला, अशी टीका त्यांनी २०१२ साली 'ल मोंद' या फ्रेंच वृत्तपत्राच्या मुलाखतीत केली. चित्रपटगृहातील आवृत्ती १७८ मिनिटांची आहे. नंतरच्या विस्तारित आवृत्तीत गॅलाड्रिएलने दिलेल्या भेटींसारखे प्रसंग पुन्हा जोडले गेले. टॉम बॉम्बाडिल मात्र तिच्यातही नाही. त्याची भेट आजही पुस्तकाच्या पानांतच होते.