उजव्या पायाखालचा ब्रेक

आपल्या महाविद्यालयाच्या आवारात आज सायकलींपेक्षा मोटारसायकलीच अधिक दिसतात. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना एस.टी.ची वेळ जमत नाही, म्हणून घरची गाडी आणावी लागते. गाडी पळवायला सगळेच शिकतात. ती थांबवायला मात्र कोणी शिकवत नाही. आमच्या गावात नव्या स्वाराला एकच उपदेश मिळतो : "पुढच्या ब्रेकला हात लावू नको, उलटा पडशील. पाय दाब, गाडी थांबतेय." हा उपदेश किती महाग पडू शकतो आणि मागच्या ब्रेकचे खरे काम कोणते, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शाखा कला असली तरी रोज पहाटे डेअरीवर दूध घालून मगच मी तासाला येतो. त्यामुळे हा विषय मला रस्त्यावर आणि गॅरेजमध्ये कळला.

एस.टी. अचानक थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात. मोटारसायकलचेही तसेच आहे. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक हलके होते. ज्या चाकावर भार जास्त, त्याची रस्त्यावरची पकड जास्त. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. नुसता मागचा दाबला तर थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. ताशी ६० कि.मी. वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, हे ध्यानात घ्यावे. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते.

दुसरा धोका घसरण्याचा. घाबरून पाय जोरात दाबला की हलके झालेले मागचे चाक जाम होते. फिरत्या चाकापेक्षा घासत जाणाऱ्या चाकाची पकड कमी, त्यामुळे गाडीचा मागचा भाग बाजूला सरकू लागतो. माझे चुलते असेच पडले. रस्ता कोरडा होता, वेळ तिन्हीसांजेची. समोर दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी होती. त्यांनी सवयीने फक्त पाय दाबला, चाक आडवे आले आणि गाडी त्यांच्या पायावर पडली. त्या हंगामात ते शेतात उतरू शकले नाहीत. ब्रेक जोरात लागला म्हणून ते पडले, असे गाव म्हणाले. माझ्या मते ब्रेक एकटाच लागला.

चाक सरळ रेषेत घसरू लागले तर पाय किंचित सैल करावा, म्हणजे ते पुन्हा फिरते. गाडी आडवी झाल्यावर मात्र पाय झटकन काढू नये. चाक एकदम पकड घेते आणि स्वार पलीकडे फेकला जातो.

मग मागच्या ब्रेकचा उपयोग काय? पुष्कळ आहे. थांबताना तो प्रथम हलकेच दाबावा, गाडी स्थिर होते. लगेच पुढचा ब्रेक बोटांनी दाबत वाढवावा, आणि पुढचा जोर वाढेल तसा पायाचा थोडा कमी करावा. टाच फूटरेस्टवर टेकवून पंजाने दाबले तर जोर मोजून देता येतो.

खडी, मुरूम, चिखल यांवर पुढचे चाक जाम झाले तर सावरायला वेळच मिळत नाही. तेथे वेग आधीच कमी करून पुढचा ब्रेक अगदी अलगद लावावा आणि मुख्य भिस्त मागच्यावर ठेवावी. बाजाराच्या गर्दीत किंवा लायसन्ससाठी आठचा आकडा काढताना अर्धा क्लच आणि मागचा हलका ब्रेक यांनी तोल राहतो. चढावर गाडी निघताना मागे सरकू नये म्हणूनही हाच ब्रेक हवा. मागे माणूस किंवा दुधाच्या किटल्या असल्या की मागच्या चाकावर भार वाढतो आणि हा ब्रेक अधिक कामाचा होतो. मात्र वजन वाढल्याने नेहमीच्या जोरावर गाडी उशिरा थांबते. आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेताना म्हणूनच मी पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा लांब राहतो.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरील नव्या दुचाकींना ए.बी.एस. आणि त्याखालील दुचाकींना निदान जोडब्रेक सक्तीचा झाला. जोडब्रेकच्या मोटारसायकलमध्ये पाय दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. परंतु कित्येक गाड्यांत ए.बी.एस. फक्त पुढच्या चाकाला असते, म्हणजे मागचे चाक अजूनही जाम होऊ शकते. आणि आपल्यापैकी अनेकांकडे वडिलांच्या वेळची जुनी गाडी आहे, तिला यांतले काहीच नाही.

घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवू नये. ड्रम तापून पकड कमी होते. खालचा गिअर टाकून इंजिनाला वेग आवरू द्यावा. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली तर हळू चालवत ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून लायनर कोरडे करावेत.

हे वाचून येत नाही, पायाला शिकवावे लागते. मोकळ्या मैदानावर, हेल्मेट घालून, ताशी वीसच्या वेगात दोन्ही ब्रेक एकत्र लावण्याचा सराव प्रत्येकाने करावा. आणि घरी धाकट्या भावाला गाडी शिकवाल तेव्हा किक मारायला शिकवण्याआधी थांबायला शिकवा.