आजींचे ‘पित्त’ अंगावर काढू नका

आजोबांनी छातीवर हात ठेवला, की सारे घर धावते. आजी मात्र ‘जरा पित्त झाले आहे, आले-लिंबू घेते’ म्हणत ओट्यापाशी उभ्या राहतात आणि आपणही निर्धास्त होतो. वाचकहो, हा निर्धास्तपणा जिवावर बेतू शकतो.

हृदयविकार हा पुरुषांचा आजार, ही समजूत आता सोडायला हवी. जगभरात स्त्रियांच्याही मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. रजोनिवृत्तीपर्यंत संप्रेरकांचे काहीसे संरक्षण लाभते. पुढे ते ओसरते. 52 देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात स्त्रियांना पहिला झटका पुरुषांहून सुमारे 9 वर्षे उशिरा आल्याचे दिसले. तोवर वय उतरणीला लागलेले असते आणि मधुमेह, रक्तदाबही अनेकदा सोबतीला असतात. त्यामुळे झटका सोसणे अधिक कठीण जाते.

छातीत दुखणे वा दडपण येणे हे दोघांतही मुख्य लक्षण आहे. परंतु स्त्रियांमध्ये धाप, मळमळ, घाम, जबडा, मान किंवा पाठ दुखणे आणि अकारण गळून जाणे ही लक्षणे अधिक वेळा आढळतात. मग आजार ओळखण्यासच उशीर होतो. स्त्रियांच्या हृदयविकाराच्या तपासण्या व उपचारांबाबत होणाऱ्या या उपेक्षेकडे अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बर्नाडिन हीली यांनी 1991 मध्येच लक्ष वेधले होते. रोहिणी जितका वेळ बंद राहते, तितका हृदयाचा स्नायू कायमचा निकामी होतो. म्हणून येथे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.

अशी लक्षणे अचानक उद्भवली, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. त्यांना बसवा, चालू देऊ नका आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रुग्णालयात ‘हृदयाचे तर नाही ना?’ असे स्पष्ट विचारा. पहिला ईसीजी निर्दोष आला, तरी त्रास कायम असल्यास पुन्हा ईसीजी व ट्रोपोनिनची रक्ततपासणी करण्याविषयी डॉक्टरांशी बोला.

घरी परतल्यावरही काळजी संपत नाही. बरे वाटू लागताच आजी पुन्हा स्वयंपाकघराचा ताबा घेतात. गोळ्या आणि डॉक्टरांनी सांगितलेले चालणे मात्र मागे पडते. तेव्हा औषधांची वेळ तुम्ही सांभाळा, फिरायला त्यांच्यासोबत निघा.

आयुष्यभर ज्यांनी घरातील प्रत्येकाची दुखणी ओळखली, त्यांचे दुखणे ओळखण्याची पाळी आता आपली आहे.